माती रोज उकरावी लागते

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाची शैक्षणिक सहल कोल्हापूरला गेली होती. एस. टी.ची प्रासंगिक कराराची गाडी, चाळीस मुलेमुली, दोन प्राध्यापक आणि एक मॅडम. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळा झाला, नवा राजवाडा झाला. दुपारी जेवणाची सुट्टी मिळाली तेव्हा सगळ्यांची पावले मिसळीच्या वासामागे गेली. मी मात्र मॅडमना सांगून खासबागेत गेले. कुस्तीचे मैदान पाहण्यासाठी एक मुलगी जेवण सोडून जाते, याचे मैत्रिणींना फार हसू आले. मलाही त्या वेळी कारण नीट सांगता आले नसते. आज ते लिहून सांगण्याचा प्रयत्न करते.

माझे आजोबा पहिलवान होते. आमच्या घरात शाळेची पायरी माझ्या वडिलांनी चढली, पण ते चौथीतच थांबले. महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे आमच्या घराण्याला पदवी अशी नाही. जी काही आहे ती आजोबांचा चुरगळलेला उजवा कान आणि कपाटातल्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेले चांदीचे एक कडे. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत त्यांनी ते मारले होते. तरुणपणी ते चार महिने कोल्हापूरला राहिले. दुष्काळ पडला, घरून पैसे येईनात, तेव्हा परत आले आणि नांगराला लागले. त्या चार महिन्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. खासबाग हा शब्द मी परभणीच्या आधी ऐकला असेन.

गंमत अशी की, ज्या कुस्त्यांच्या गोष्टी मी ऐकल्या त्यांतली एकही मी पाहिलेली नाही. जत्रेत हलगी कडाडू लागली की आम्हा मुलींना माय घरात बोलावून घेई. फडाच्या कडेला उभे राहणे हे बाईमाणसाचे काम नव्हे. नारळाच्या कुस्त्या असोत की शेवटची मोठ्या इनामाची, माझ्या वाट्याला आली ती फक्त लांबून ऐकू येणारी हलगी. तिचा ताल वाढला की कुस्ती रंगली आणि एकदम आरडाओरडा झाला की कोणीतरी चीत झाले, एवढे मला घरात बसून कळत असे.

असो. खासबागेत त्या दुपारी कुस्ती नव्हती. मधोमध लाल मातीचा हौद होता आणि भोवताली चढत गेलेली बसण्याची जागा. मी सर्वांत मागे जाऊन बसले. तेथूनही हौद तळहातासारखा दिसत होता. हे मैदान ज्याने बांधून घेतले त्याने शेवटच्या माणसाचा विचार आधी केला असला पाहिजे, असे मला वाटले.

तो माणूस म्हणजे राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली ते गादीवर आले. स्वतः कसलेले मल्ल. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन कलोसियम पाहिले आणि तसे मैदान आपल्या करवीरात असावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली मैदान खुले झाले. पंजाबचा इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती त्या वेळी झाली व इमामबक्षाने ती जिंकली. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ.

आता माझा मुद्दा येथून सुरू होतो. आपण मोठेपणाने म्हणतो की, महाराजांनी खासबाग बांधली आणि कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली. मला वाटते, हे वाक्य आपण उलटे म्हणतो. खासबाग बांधण्याच्या आधीपासून कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी होत्या. महाराजांनी त्यांना बळ दिले. मल्लांच्या खुराकाची सोय केली. उत्तरेकडचे नामांकित पहिलवान आणि वस्ताद बोलावून आश्रयाला ठेवले आणि त्यांच्या हाताखाली आपली पोरे दिली. पहाटे अंधारात जोर-बैठका काढणारी शेकडो पोरे गावात होती, म्हणून त्यांच्यासाठी मैदान लागले. मैदान हा कळस होता, पाया तालमीत होता. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावे आमच्या आजोबांच्या तोंडी देवस्थानांसारखी येतात, ती उगाच नव्हे.

या पायाचे एक फळ सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्यासारख्या महाविद्यालयातल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे पहिल्यांदा गादीवर उभा राहिला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक लिअँडर पेसच्या रूपाने यायला १९९६ साल उजाडावे लागले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे या देशाची वैयक्तिक पदकांची झोळी एका प्राचार्यांच्या गहाण घरावर चालली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

मग या वैभवाला उतरती कळा का लागली? खासबाग आज मेलेली नाही, हे आधीच सांगते. तेथे मैदाने भरतात, माणसे येतात. पण सबंध महाराष्ट्राच्या कुस्तीचा श्वास ज्या एका हौदात घुमत होता, तसे आता नाही, हे कोल्हापूरकरही नाकारणार नाहीत. त्याची कारणे मी तीन मानते.

पहिले कारण आश्रयाचे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली हे योग्यच झाले. आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा राजे-नबाबांविषयी हळहळण्याचे मला काही कारण नाही. पण राजा गेला तेव्हा राजाने उचललेला खुराकाचा खर्च कोणी उचलायचा हे ठरले नाही. काही साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, काही गावांनी वर्गणी काढली. ते सारे त्या त्या माणसाच्या मर्जीवर राहिले. पहिलवानाला दूध, तूप, बदाम रोज लागतात. मर्जी रोज असतेच असे नाही.

दुसरे कारण मातीचे. जगाची कुस्ती गादीवर गेली. तिला मिनिटांचे बंधन आले, गुण आले. मातीवरची कुस्ती चितपटीवर, कधी तासन् तास चालणारी. मातीत पाय रोवून उभा राहणारा मल्ल गादीवर घसरतो, त्याचा दम वेगळ्या पद्धतीने मोजला जातो. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला सुरू झाली. आज तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंतले विजेते शेवटी गादीवर भिडतात. याचा अर्थ मातीतल्या पोराला शेवटची कुस्ती परक्या जमिनीवर खेळावी लागते.

ही गोष्ट एकट्या कुस्तीची नाही. हॉकीचे पाहा. १९७५ साली क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असे हरवून आपण विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपला क्रमांक सातवा लागला. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक घेणारा देश पहिल्यांदा रिकाम्या हाताने परतला. एका वर्षात आपले खेळाडू खेळ विसरले होते काय? जमीन बदलली होती. युरोपातल्या मुलांच्या पायाखाली ती जमीन रोज होती, आमच्या मुलांच्या पायाखाली ती फक्त स्पर्धेच्या दिवशी आली. पुढे १९८० साली मॉस्कोला सुवर्ण मिळाले, पण त्यानंतरचे पदक टोकियोला, २०२१ साली. त्याच्या आधी, २०१८ पासून, ओडिशा सरकारने राष्ट्रीय हॉकी संघाचा भार उचलला होता, हे येथे विसरता येत नाही. राजाचे काम तेथे एका लोकनियुक्त सरकारने केले. म्हणजे ते करता येते.

तिसरे कारण मी लिहू की नको, असा विचार बरेच दिवस केला. ज्या खेळाने गावातली अर्धी माणसे घरात कोंडून ठेवली, त्याला प्रेक्षक कमी झाले म्हणून रडण्याचा अधिकार किती? हमीदा बानू नावाची एक पहिलवान बाई होऊन गेली. १९५४ साली मुंबईत तिने वेरा चिस्तिलिन या रशियन महिला मल्लाला एका मिनिटाच्या आत चीत केल्याची नोंद आहे. त्याच काळात पुण्यात एका पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक विरोधामुळे रद्द करावी लागली. तिच्यानंतर किती मुली उंबऱ्याच्या आतच जिरल्या असतील याची नोंद कोठे असणार? महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली. साक्षी मलिकने २०१६ साली रिओला कांस्य मिळवले. महाराष्ट्रात महिलांची महाराष्ट्र केसरी मात्र २०२३ साली, सांगलीत सुरू झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी! मी खासबागेत मागच्या पायरीवर बसले होते तेव्हा मनात हाच हिशेब चालू होता. शेवटच्या माणसालाही हौद दिसावा अशी जागा बांधली, पण आमच्या जत्रेतल्या फडापासून किती मैलांवर आम्हाला बसवले होते!

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण छातीवर हात ठेवून म्हणतो. मल्लांच्या बाबतीत मराठवाडा काही मागे नाही. लातूर भागातले हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले आणि १९६९ साली लातूरलाच महाराष्ट्र केसरी झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. पण दोघांनाही घडण्यासाठी घर सोडून पश्चिमेला, कोल्हापूर-पुण्याला जावे लागले. आमच्या आजोबांनाही जावे लागले होते. ज्यांना चार महिन्यांत परत यावे लागते त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत, एवढाच फरक.

२००१ च्या राज्य क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुलांची कल्पना मांडली. कल्पना उत्तम आहे. माझ्या पाहण्यातल्या एका गावी असे बंदिस्त क्रीडागृह उभेही राहिले. उद्घाटनाला मंडप होता, नारळ फुटला, भाषणे झाली. त्यानंतर मी तेथे तीन वेळा गेले. एकदा कुलूप होते. दुसऱ्यांदा कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला गेले होते. तिसऱ्यांदा दार उघडे मिळाले. आत एका कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या होत्या. त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. शिकवणारे कोणी आहे का, असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘पद मंजूर व्हायचे आहे.’ मग मी विचारले, मुलींची वेळ कोणती? त्यावर ते गृहस्थ नुसते हसले.

खासबागेला वैभव चढायला आणि ओसरायला शंभर वर्षे लागली. या क्रीडागृहाने चढण्याचा भाग गाळून थेट उताराला सुरुवात केली. कारण उघड आहे. येथे कळस आधी बसवला आणि पाया राहूनच गेला. सिमेंट दिसते, त्याचा फोटो निघतो, त्याच्यावर पाटी लावता येते. एका पोराच्या पोटात रोज जाणाऱ्या लिटरभर दुधावर पाटी लावता येत नाही.

यावर आपले काही गुरुजन म्हणतील, आणि वर्गात एकदा म्हणालेही, ‘खेळून पोट भरते का? तुमच्यासारख्या मुलांनी आधी नोकरी पाहावी.’ सरांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. माझे वडीलही तेच म्हणतात. पण प्राचार्य खर्डेकरांनी हाच प्रश्न विचारला असता तर? त्यांचा विद्यार्थीही शेतकऱ्याच्या घरचाच होता. पोट भरत नाही हे खरेच आहे. ते का भरत नाही याचा विचार मात्र ज्यांचे पोट भरले आहे त्यांनी करायचा असतो. दुसरे असे की, प्रत्येकाने ऑलिंपिकलाच जावे असे कोण म्हणते? शेतातून, कॅन्टीनमधून, मोबाइलच्या पडद्यावरून उठून संध्याकाळी एक तास घाम गाळायला जागा असावी, एवढेच मागणे आहे.

काही जण उलट टोकाचे म्हणतील की, गाद्या नकोत, आपली मातीच बरी. मला तेही पटत नाही. खाशाबा लंडनला सहावे आले तेव्हा त्यांनी गादीला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी ती कुस्ती आत्मसात केली आणि हेलसिंकीला पदक घेतले. माती आमची आई खरी, पण आईनेही लेकराला बाहेरच्या जगात चालायला शिकवावेच लागते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. नव्या इमारतीची मागणी करण्याआधी जी इमारत आहे तिची किल्ली मागू या. उद्घाटनाच्या खर्चातून एक शिकवणारा माणूस वर्षभर ठेवता येईल का ते विचारू या. पाच गरजू मुलांच्या आणि पाच मुलींच्या खुराकाचा भार एखाद्या संस्थेने, एखाद्या बाजारपेठेने, आणि हो, आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. आपल्या जिमखान्याची खोली संध्याकाळी पाच ते सहा मुलींसाठी राखून ठेवावी. यातल्या कोणत्याच गोष्टीला घर गहाण ठेवावे लागत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. मैदानाच्या बाजूलाही झळ लागली. राजर्षींनीच बांधून घेतलेली ती वास्तू जळताना पाहून कोल्हापूरकर रडले, हे आपण बातम्यांत पाहिले. जळालेली वास्तू पुन्हा उभी करता येते, पैसा लागतो एवढेच. न वापरता पडलेल्या वास्तूचे काय करायचे? तिला आग लागत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी रडतही नाही.

सहलीहून परतल्यावर मी आजोबांना सगळे सांगितले. मोठ्या हौसेने मैदानाचे वर्णन केले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “हौद उकरलेला व्हता का?”

मी म्हटले, “आबा, ते मी नाही पाहिलं. कसं ओळखायचं?”

“पाय घातला की कळतं, माय. माती रोज उकरावी लागती. तेल, ताक, हळद घालून खालवर करावी लागती. चार रोज कोणी उतरलं नाही का ती बी दगड व्हती. मग तिच्यात पडलेला माणूस उठत न्हाई.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “तू पाय घालायला पायजे व्हता.”

जत्रेच्या दिवशी मला घरात बोलावले जायचे तेव्हा आबा काही बोलत नसत. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मला एकोणीस वर्षे लागली. येत्या जत्रेत हलगी वाजली की मी फडाच्या कडेला उभी राहणार आहे. आबा बरोबर येतो म्हणाले आहेत.